माइनक्राफ्ट घ्यायचंय, जावा घेऊ का बेडरॉक? एकदाचं सगळं नीट सांगतो

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सोलापुरात घराघरात हा विषय निघतोच. आतेभाऊ विचारतोय, कॉलेजातला ज्युनिअर विचारतोय, शेजारच्या काकू पोराला पुढं करून विचारतायत की अरे ह्याला ते ठोकळ्यांचं गेम पाहिजे म्हणतोय, कुठलं घ्यायचं. आणि प्रत्येकाच्या डोक्यात असं असतं की दोघांपैकी एक भारीतलं आणि एक स्वस्तातलं. तसं नाहीये बे. दोन्ही ओरिजिनल, दोन्ही एकाच कंपनीचे, फक्त आतून वेगवेगळे लिहिलेले गेम आहेत. चुकीचं घेतलं तर गेम वाईट निघत नाही, पण ज्यांच्यासाठी घेतलं त्या दोस्तांबरोबरच खेळता येत नाही, खरी बोंब ती आहे.

दोन कसे झाले ते थोडक्यात सांगतो, पुढचं समजायला बरं पडेल. स्वीडनच्या मार्कस पर्सननं, म्हणजे नॉचनं, २००९ मध्ये पहिलं व्हर्जन लोकांपुढं ठेवलं, ते जावा भाषेत लिहिलेलं होतं आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण गेम म्हणून बाहेर आलं. त्याच वर्षी मोबाईलसाठी पॉकेट एडिशन आलं, ते मात्र वेगळं, सी प्लस प्लसमध्ये नव्यानं लिहिलेलं. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं माइनक्राफ्ट बनवणारी मोजांग कंपनी अडीच अब्ज डॉलर्सला घेतली, आणि त्या मोबाईलवाल्या कोडवरच २०१५ मध्ये विंडोज आणि २०१७ मध्ये एक्सबॉक्स आणून बसवलं, पुढं निन्टेंडो स्विच २०१८ ला आणि प्लेस्टेशन २०१९ ला त्यात आलं. ह्यालाच बेडरॉक म्हणतात. गंमत अशी की नुसतं 'माइनक्राफ्ट' हे नाव बेडरॉकला मिळालं आणि जो मूळ गेम होता त्याला 'जावा एडिशन' अशी शेपटी लागली. म्हणून मोबाईलवर किंवा कन्सोलवर (एक्सबॉक्स, प्लेस्टेशन, स्विच असली गेमची मशीनं) नुसतं माइनक्राफ्ट दिसलं तर ते बेडरॉकच समजायचं.

पायरी १: आधी दोस्त मोजा, फीचर नंतर

लोक आधी यूट्यूबवर तुलना बघत बसतात आणि दोस्तांना शेवटी विचारतात. उलटं करा. ज्यांच्याबरोबर खेळायचंय त्यांच्या ग्रुपवर एक मेसेज टाका, कोण कशावर खेळतं. उत्तरात एक जरी फोन, टॅब, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन किंवा स्विच आला तर ग्रुप बेडरॉकचा झाला, कारण ह्या सगळ्यांवर जावा मिळतच नाही. आपल्या इथं दहा पोरांत आठ जण फोनवाले असणार हे वेगळं सांगायला नको. जुळे सोलापुरातला भाऊ टॅबवर, विजापूर रोडचा मित्र फोनवर आणि पुण्याला शिकायला गेलेला एक जण लॅपटॉपवर, हे तिघं बेडरॉकवर एका जगात आरामात येतात. जावावाला मात्र फक्त जावावाल्याबरोबर, मग तो विंडोजवर असू दे, मॅकवर असू दे नाहीतर लिनक्सवर.

कन्सोलवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो, गेम विकत घेतला म्हणजे ऑनलाइन खेळता येईलच असं नाही, त्या त्या कन्सोलचं सबस्क्रिप्शन वेगळं भरावं लागतं. पण घरात एकच टीव्ही आणि दोन भावंडं असतील तर कन्सोलवर स्क्रीन वाटून एकत्र खेळता येतं, ही सोय जावात नाही, आणि भांडणं बरीच कमी होतात.

पायरी २: घरात मशीन कुठलं आहे

फोन किंवा टॅबच असेल तर ही पायरी सोडा, तुमचं बेडरॉक ठरलं. मॅक किंवा लिनक्स असेल तर जावा ठरलं, कारण कंपनी तिथं बेडरॉक देतच नाही.

विंडोजवाल्यांनो, तुमच्यासाठी चांगली बातमी आहे आणि ती अजून बऱ्याच जणांना माहीतच नाही. जून २०२२ पासून पीसीवर जावा आणि बेडरॉक एकाच पॅकमध्ये मिळतं. एकदा पैसे भरा, दोन्ही तुमचे, एकाच लाँचरमधून उघडायचे. म्हणजे 'कुठलं घेऊ' हा प्रश्नच नाही, 'आज कुठलं उघडू' एवढाच राहतो. पूर्वी ह्यातलं एकच घेतलेलं असेल तरी लाँचर उघडून बघा, जुन्या लोकांना दुसरं फुकट जोडून दिलेलं आहे.

आता मशीन झेपतंय का ते बघू. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, तिथं रॅम किती ते दिसेल. ८ जीबी असेल तर जावा नीट चालतं. ४ जीबी असेल तर जावा चालू होतं पण ब्राउझर उघडा ठेवून खेळायचं विसरा, तिथं बेडरॉक जास्त हलकं पडतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर जावा खेळायचंच असेल तर दोन गोष्टी करा: सेटिंगमध्ये रेंडर डिस्टन्स (किती लांबचं दिसावं ते) ८ च्या आसपास आणा, आणि फॅब्रिक (मॉड चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून त्यावर सोडियम नावाचा मॉड, म्हणजे लोकांनी बनवलेली गेमची जोडणी, बसवा. सोडियमनं फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) इतक्या वाढतात की लोकांना वाटतं नवीन लॅपटॉप आणला. लाँचरमधून गेमला जास्त रॅम देता येते, पण ८ पैकी ६ देऊन बसू नका, विंडोजला श्वास घ्यायला काहीतरी ठेवा.

आणि हो, आपलं सोलापूर. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढं गेला की लॅपटॉप तापतो, तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, आणि पोरगं म्हणतं गेम लॅग मारायलाय. गेम नाही मारत, गादी मारतीय, लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका. फ्रेम रेट ६० वर बांधून टाका, टेबलावर ठेवा, फॅनखाली बसा.

पायरी ३: खेळून करायचंय काय

इथं जरा वेळ काढतो, कारण दोस्त आणि मशीन दोन्हीकडून मोकळे असाल तर खरा निर्णय इथं होतो.

मॉड पाहिजे असतील तर डोळे झाकून जावा. फोर्ज, निओफोर्ज, फॅब्रिक ह्यांच्यावर चालणारे हजारो मॉड कर्सफोर्ज आणि मॉड्रिंथ ह्या साइटवर फुकट पडलेत. नवीन मशीन, जादू, रेल्वे, अख्खा गेम बदलून टाकणारे पॅक, काय पाहिजे ते. शिवाय जावाच्या लाँचरमधून जुनं कुठलंही व्हर्जन उघडता येतं, एखादा मॉड जुन्या व्हर्जनचा असेल तर त्यातच खेळायचं. बेडरॉक नेहमी लेटेस्टच ठेवावं लागतं. बेडरॉकला मॉड नाहीत असं नाही, ॲड-ऑन आहेत, पण त्यांची झेप कमी, आणि बरेचसे चांगले मार्केटप्लेसवर, म्हणजे गेममधल्या दुकानात, माइनकॉइन (खऱ्या पैशांनी घ्यायची गेमची नाणी) मोजून घ्यावे लागतात. पालकांनी प्ले स्टोअरला खरेदीसाठी पासवर्ड लावून ठेवा, नाहीतर माइनकॉइनच्या नादात महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही.

मोठी बांधकामं करणाऱ्यांनाही मी जावाच सांगेन. समजा चार जण मिळून क्रिएटिव्ह मोडमध्ये (जिथं ठोकळे हवे तेवढे मिळतात) आपला भुईकोट किल्ला बांधायला घेतलात, दुहेरी तटबंदी, बुरूज, खंदक, शेजारी सिद्धेश्वर तलाव आणि मधोमध मंदिर. तट हातानं एकेक ठोकळा लावत बसलात तर दिवाळीची सुट्टी पण पुरणार नाही. वर्ल्डएडिट नावाचा मॉड असेल तर एक बुरूज बांधायचा, कॉपी करायचा, फिरवून दुसरीकडं चिकटवायचा. लिटेमॅटिका नावाचा मॉड असेल तर आराखड्याची सावली जागेवरच दिसते, कुठं कुठला ठोकळा लावायचा ते कळतं.

रेडस्टोनवाल्यांनी नीट वाचा. रेडस्टोन म्हणजे गेममधली वायरिंग, आणि दोन्हीकडची वायरिंग सारखी नाही. जावात क्वासी कनेक्टिव्हिटी नावाचा एक विचित्र प्रकार आहे, पिस्टनच्या (दुसरे ठोकळे ढकलणारा ठोकळा) वरच्या रिकाम्या जागेला करंट मिळाला तरी पिस्टन हलतो. सुरुवातीला तो बग होता, लोकांनी त्यावर इतकी मशीनं बांधली की आता तो कायमचा. बेडरॉकमध्ये तो नाही. उलट बेडरॉकमध्ये पिस्टन पेटी ढकलतो, आत सामान असलं तरी, जावात ढकलत नाही. तिसरी गोष्ट, एकाच क्षणाला दोन पिस्टन चालू झाले तर कोण आधी हलेल हे जावात ठरलेलं असतं, बेडरॉकमध्ये कधी हा आधी कधी तो. त्यामुळं बारीक टायमिंगची मशीनं करणारे लोक जावा सोडत नाहीत.

फार्मचंही तसंच. आपोआप लोखंड मिळवून देणारा लोखंडाचा फार्म घ्या, सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. जावात तीन गावकरी, त्यांचे पलंग आणि त्यांना घाबरवणारा एक झोंबी एवढ्यावर गोलेम (गावाचे लोखंडी राखणदार, मेले की लोखंड देतात) यायला लागतात. बेडरॉकमध्ये गावात निदान वीस पलंग, दहा गावकरी, आणि त्यातल्या पाऊणपट गावकऱ्यांनी आदल्या दिवशी आपापल्या कामाच्या ठोकळ्यावर काम केलेलं पाहिजे, तेव्हा कुठं गोलेम येतो. आता जावाचा व्हिडिओ बघून बेडरॉकवर बांधलात तर झोंबी नुसता ओरडत बसणार. म्हणून कुठलाही व्हिडिओ चालू करायच्या आधी टायटलमध्ये किंवा खाली एडिशन कुठलं लिहिलंय ते बघा. बघाच.

मारामारी. २०१६ मध्ये जावाच्या १.९ व्हर्जनला तलवारीला थांबा आला, म्हणजे एक वार केला की पट्टी भरेपर्यंत थांबायचं, आधीच मारला तर वार हलका बसतो. बेडरॉकमध्ये थांबा नाही, जेवढं पटापट दाबाल तेवढं. ढाल जावात राइट क्लिकनं उचलायची, बेडरॉकमध्ये खाली वाकलं की आपोआप वर येते. जावात दुसऱ्या हातात काहीही धरता येतं, बेडरॉकमध्ये ढाल, नकाशा, टोटम अशा मोजक्याच वस्तू. कुठलं चांगलं ह्यावर पोरं तासन्‌तास भांडतात, माझं विचाराल तर जावाची मारामारी डोक्यानं खेळायची आहे आणि बेडरॉकची बोटांनी, आणि टचस्क्रीनवर दुसरी पद्धत जमलीच नसती.

बाकीचं पटकन सांगतो. कंट्रोलर घेऊन सोफ्यावर बसून खेळायचं असेल तर बेडरॉक, जावाला कंट्रोलर सरळ चालत नाही, मॉड लागतो. दिसायला भारी पाहिजे असेल तर बेडरॉकला जून २०२५ मध्ये व्हायब्रंट व्हिज्युअल्स आलंय, चांगल्या फोनवर सुद्धा पाण्यात उजेड चमकतो, पण साध्या फोनवर ते बंदच ठेवा. जावात शेडर (उजेड-सावली भारी करणारे) मॉडनं टाकायचे, त्याला ग्राफिक्स कार्ड तगडं लागतं. 'एकदा मेलो की जग संपलं' वाला हार्डकोर मोड पूर्वी फक्त जावात होता, २०२४ च्या शेवटी बेडरॉकलाही आला, तेव्हा जुन्या लेखात 'बेडरॉकमध्ये हार्डकोर नाही' असं वाचलंत तर सोडून द्या.

पायरी ४: पैसे भरायच्या आधी

फुकट चाखून बघा. जावाच्या लाँचरमध्ये डेमो आहे, गेमातले पाच दिवस, म्हणजे घड्याळाची १०० मिनिटं. तेवढ्यात लॅपटॉप झेपतोय का ते कळतंच. बजेट अजिबातच नसेल तर लुआन्टी बघा, पूर्वी ह्याचं नाव माइनटेस्ट होतं, हे वेगळंच ओपन सोर्स आणि पूर्ण फुकट आहे, त्यात माइनक्लोनिया किंवा व्हॉक्सेलिब्रे टाकलं की बरंचसं तसंच खेळता येतं. चोरीच्या, क्रॅक केलेल्या फाइलपेक्षा हे शंभरपट बरं.

मग विकत कुठून? पीसीसाठी माइनक्राफ्टची साइट किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअर, फोनसाठी प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअर, बस्स. फोनवरचं पीसीच्या पॅकपेक्षा बरंच स्वस्त आहे आणि प्ले स्टोअरवर यूपीआयनं भरता येतं. इन्स्टा नाहीतर टेलिग्रामवर 'लाइफटाइम अकाउंट फक्त एवढ्यात' म्हणून जे विकतात ते बहुतेक दुसऱ्याचं अकाउंट असतं, मूळ मालकानं पासवर्ड बदलला की तुमचे पैसे पण गेले आणि बांधलेलं पण.

आणखी एक गैरसमज, फोनवर घेतलेला गेम पीसीवर फुकट मिळत नाही. अँड्रॉइडवर घेतलेला आयफोनवर पण नाही. अकाउंट एकच राहतं, मार्केटप्लेसच्या बहुतेक वस्तू सोबत येतात, पण गेम प्रत्येक ठिकाणी वेगळा घ्यावा लागतो. त्यामुळं वर्षभरात दहावीनंतर वगैरे लॅपटॉप येणारच असेल तर फोनवर खर्च करावा का, हे आधीच घरात बोलून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या पीसी गेम पास ह्या सबस्क्रिप्शनमध्येही दोन्ही एडिशन येतात, पण ते महिन्याचं आहे, भरणं थांबलं की गेम बंद.

एज्युकेशन एडिशन ह्या भानगडीत पडू नका. ते शाळांसाठी आहे, शाळेचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, त्यात कोडिंग आणि केमिस्ट्रीचे धडे आहेत, शिक्षकांना एकदम चांगलं, पण घरी दोस्तांबरोबर खेळायला ते घ्यायचं नसतं.

पायरी ५: पोराचं अकाउंट

हा भाग आईबाबांनी वाचायचा. दोन्ही एडिशनवर ऑनलाइन खेळायला मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. पोराची खरी जन्मतारीख टाकली की ते चाइल्ड अकाउंट होतं, आणि मग मल्टिप्लेअर दाबलं की तुमच्या अकाउंटच्या सेटिंगमुळं ऑनलाइन खेळता येत नाही असा मेसेज येतो. पोरगं रडकुंडीला येतं, तुम्हाला वाटतं गेम बिघडला. काही बिघडलेलं नसतं. आई किंवा बाबांनी स्वतःचं अकाउंट काढायचं, फॅमिली ग्रुप बनवायचा, त्यात पोराला घ्यायचं, आणि एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी पानावर जाऊन पोराच्या नावासमोर मल्टिप्लेअरला परवानगी द्यायची. हो, एक्सबॉक्स घरात नसला तरी सेटिंग तिथंच असते. अनोळखी लोकांशी चॅट बंद ठेवून फक्त मित्रांशी खेळायची परवानगी देता येते, मी असतो तर तसंच ठेवलं असतं.

पायरी ६: एकत्र खेळायची जोडणी

एकाच घरात, एकाच वायफायवर असाल तर काहीच खर्च नाही. बेडरॉकमध्ये एकानं जग उघडलं की दुसऱ्याला ते यादीत आपोआप दिसतं. जावात जग उघडणाऱ्यानं मेनूमधून 'ओपन टू लॅन' दाबायचं. दिसत नसेल तर दोघं खरंच एकाच वायफायवर आहेत का बघा, बऱ्याचदा एक जण मोबाईल डेटावर असतो. हॉस्टेलच्या वायफायवर राउटरच एका मशीनला दुसरं दिसू देत नाही, तिथं कुणाच्यातरी फोनचा हॉटस्पॉट चालू करा.

वेगवेगळ्या घरांतून खेळायचं असेल तर बेडरॉक सोपं, फ्रेंड म्हणून जोडा आणि आत या, पण ज्याचं जग आहे तो ऑनलाइन असेपर्यंतच. चोवीस तास जग चालू पाहिजे असेल तर रेल्म्स, म्हणजे कंपनीचा भाड्याचा सर्व्हर, घ्या, महिन्याचं भाडं एकजण भरतो आणि बाकीचे फुकट येतात. मात्र जावाचं रेल्म वेगळं, बेडरॉकचं वेगळं, घेताना बघून घ्या.

स्वतःच्या पीसीवर सर्व्हर टाकायचा किडा असेल तर जावाचा पोर्ट २५५६५ आणि बेडरॉकचा १९१३२. पण लोकल केबलवाल्याचं इंटरनेट असेल तर बहुतेक वेळा स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, मग राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडा, बाहेरचा माणूस आत येत नाही. तिथं प्लेइट सारखी टनेल सर्व्हिस वापरायची, ती बाहेरच्याला मधल्या रस्त्यानं आत आणते. आणि ग्रुपमध्ये अर्धे जावा, अर्धे बेडरॉक असं होऊन बसलंच असेल तर गीझर नावाचं प्लगइन आहे, जावाच्या सर्व्हरवर ते टाकलं की फोनवाले पण आत येतात, सोबत फ्लडगेट टाकलं की त्यांना जावा वेगळं विकत घ्यावं लागत नाही. मारामारी आणि रेडस्टोन मग जावाच्या नियमानं चालतं, हे फोनवाल्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर चीटिंग चीटिंग म्हणून ओरडतील.

पायरी ७: नंतर मन बदललं तर

जावाचं जग बेडरॉकमध्ये सरळ उघडत नाही, उलटं पण नाही. चंकर नावाचं फुकटचं टूल आहे, ते जग एकातून दुसऱ्यात बदलून देतं. घरं, डोंगर, पेट्या नीट येतात, रेडस्टोनची मशीनं मात्र तपासून पुन्हा बांधायला लागतात, कारण वर सांगितलं तेच. नुसता सीड, म्हणजे ज्या आकड्यावरून जग तयार होतं तो, आवडला असेल तर अजून सोपं, १.१८ पासून एकच सीड दोन्हीकडं टाकला तर डोंगर-नद्या जवळपास सारख्या येतात, गावं आणि देवळं वगैरे मात्र वेगळ्या जागी.

काहीही बदलायच्या आधी कॉपी काढा, आणि नाही बदललं तरी काढा, आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि यूपीएस नसलेला पीसी सेव्ह करता करता बंद पडला तर जग खराब होऊ शकतं. जावात डॉट माइनक्राफ्ट फोल्डरमधलं सेव्ह्ज फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकायचं. बेडरॉकमध्ये जगाच्या नावासमोरच्या पेन्सिलवर दाबून खाली 'एक्सपोर्ट वर्ल्ड' करायचं, जी फाइल येते ती गुगल ड्राइव्हवर ठेवायची. फोनवाल्यांनी तर हे आजच करा, कारण जागा कमी पडते म्हणून गेम अनइन्स्टॉल केला की त्यातली जगं पण त्याच्याबरोबर जातात, पुन्हा इन्स्टॉल करून परत येत नाहीत.